धनुर्वाताच्या वॉर्डातले उपासनी डॉक्टर

"कोण म्हणतं?"

उपासनी डॉक्टरांचे हे दोन शब्द आमच्या वॉर्डात दिवसातून पन्नासदा तरी ऐकू यायचे. रोग्याला ताप नाही म्हटलं, की "कोण म्हणतं?" थर्मामीटर म्हणतो असं सांगितलं, की "आणि थर्मामीटर खरं बोलतो, हे कोण म्हणतं?" मी रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी त्यांनी एका रोग्याच्या काखेत पाळीपाळीनं तीन थर्मामीटर लावायला सांगितले. दोघांचं जुळलं, तिसऱ्याचं जुळेना. तो त्यांनी खिडकीच्या दगडावर आपटून फोडला आणि हात पुसत म्हणाले, "यानं आजवर किती जणांना फसवलं असेल, कोण जाणे."

मी घाबरले. नागपूरला नर्सिंगचं शिकून नुकतीच माहेरच्या गावी, बुऱ्हाणपूरला परत आले होते. यजमान गावातल्याच शनवारा वेशीजवळच्या शाळेत मास्तर. सरकारी दवाखान्यात जागा मिळाली म्हणून घरचे खूश होते, पण ती साथीच्या रोगांच्या छूत वॉर्डात मिळाली हे कळल्यावर सासूबाईंनी माझं पाण्याचं भांडं वेगळं काढलं.

वॉर्ड म्हणजे मुख्य इमारतीपासून फटकून बांधलेली कौलारू बैठी खोल्यांची रांग. पटकी, देवी, घटसर्प, सगळं तिथे यायचं. पण डॉक्टरांचा जीव अडकला होता धनुर्वातात. केळीच्या बागा आणि कापसाची शेतं, दोन्हीकडे माणसं अनवाणी. विळा लागतो, काटा मोडतो, आठवड्यानं जबडा आवळतो आणि माणूस धनुष्यासारखा वाकतो. आवाज झाला की झटका, उजेड पडला की झटका. म्हणून शेवटच्या दोन खोल्यांच्या खिडक्यांना त्यांनी काळं कापड ठोकलं होतं. आम्ही आत अनवाणी वावरायचो आणि कानाशी लागून बोलायचो. बाहेरच्या रस्त्यावरून टांगे खडखडत जात. डॉक्टरांनी केळीवाल्यांना सांगून वाळक्या पानांचे भारे मागवले आणि तेवढ्या रस्त्यावर जाड थर पसरून टाकला. टांग्याचा आवाज मेला, पण गावाची जीभ सुटली. काळं कापड, अंधार, कुजबुज आणि वर रस्त्यावर पानं. "वो डॉक्टर कुछ करता है अंदर," असं चौकात म्हणू लागले. कुणी त्यांना शंकासुर नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

माणूस दिसायला अगदी साधा. शिडशिडीत, गव्हाळ, बंद गळ्याचा कोट, खिशात दोन घड्याळं. दोन का, तर एकावर भरवसा नाही म्हणून. लग्न केलं नव्हतं. वॉर्डामागच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत आणि जेवायला बसले तरी ताटाशेजारी रजिस्टर उघडं. रोग्याला पहिला झटका कधी, दुसरा कधी, किती वेळ टिकला, गिळता कधी आलं, सगळं आम्हाला मिनिटासकट लिहावं लागे. त्यातून त्यांना एका प्रश्नाचं उत्तर काढायचं होतं, त्याविषयी पुढे सांगते.

धनुर्वातावर तेव्हा घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम टोचत. ते नागपूरहून रेल्वेनं, बर्फाच्या पेटीतून यायचं. वाटेत पेटी उन्हात राहते आणि औषध नासतं, असा डॉक्टरांना संशय. कुणी कबूल करेना. मग त्यांनी एक गंमत केली. एका छोट्या बाटलीत अर्धं खोबरेल घालून ती नागपूरच्या औषधभांडाराला पाठवली आणि लिहिलं, की ही तिरपी ठेवून बर्फात गोठवा आणि आमच्या पेटीत घालून पाठवा. वाटेत उष्मा लागला तर तेल वितळणार आणि पुन्हा गोठताना सपाट होणार. पुढची पेटी आली तेव्हा स्वतः गावाबाहेरच्या लालबागच्या स्टेशनवर जाऊन त्यांनी ती फलाटावरच उघडली. तेल तिरपंच होतं. पार्सलबाबू विजयी मुद्रेनं बघत राहिला. डॉक्टरांनी पेटी पुन्हा बंद केली आणि दवाखान्यात दिली. संध्याकाळी वॉर्डात उघडली तर तेल सपाट. आमच्याच शिपायानं पेटी दुपारभर व्हरांड्यात ठेवली होती.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी उन्हातान्हात स्टेशनवर गेले आणि पार्सलबाबूची माफी मागून आले. शिपायाला एवढंच म्हणाले, "चूक लांब शोधत होतो मी."

ती वर्षंच संशयाची होती. संस्थानं विलीन झाली, प्रांतांच्या सीमा नव्यानं आखायचं चाललं होतं, आणि बुऱ्हाणपूर कुठे जाणार याच्या पैजा पानाच्या दुकानांवर लागत. नागपूर आपलं राहणार की जाणार? शाळेत मराठी राहील की उठेल? त्याच दिवसांत डॉक्टर वही घेऊन खेडी फिरायला निघाले. बाळंतघरातली नवजात पोरं सहाव्या-सातव्या दिवशी दूध सोडत आणि आवळून मरत. नाळ कशानं कापतात, वर काय लावतात, हे त्यांना घरोघर विचारायचं होतं. बायकांशी बोलायला मला बरोबर घेतलं.

तुकईथडला एका ओसरीवर आम्ही बसलो. डॉक्टरांनी वही उघडताच माणसं जमली. एक म्हातारे पाटीलबुवा पुढे होऊन बसले.

"बाबू, सच्ची सांगा," ते म्हणाले. "आमाले मुंबईच्या राज्यात टाकू राहिले का भोपाळच्या?"

"मी डॉक्टर आहे, आजोबा. बाळाची नाळ कशानं कापता, ते विचारतोय."

"ते ठीक हाय. पण घरात मराठी बोलता का हिंदी, हे बी लिहू राहिले ना तुम्ही?"

"नाही."

"मंग वहीत एवढं काय लिहेल हाय?"

डॉक्टरांनी वही त्यांच्यापुढे धरली. पाटीलबुवांना वाचता येत नव्हतं. त्यांनी वही उलटीसुलटी केली, परत दिली आणि म्हणाले, "आज नाळ इचारता, उद्या जमीन इचारान."

मग प्रत्येक घरात एकच उत्तर. नाळ नव्या कोऱ्या पात्यानं कापतो, वर काही लावत नाही. शब्दही तेच. डॉक्टर उठले. "सिस्टर, इतकं सारखं उत्तर खरं नसतं," म्हणाले. मला एका सुइणीकडे पाठवलं आणि स्वतः पाटीलबुवांशी पीकपाण्याच्या गप्पा मारत बसले. सुईण माझ्या आईच्या गावची निघाली. तिनं आढ्याला खोचलेला विळा काढून दाखवला. केळीचे घड त्याच्यानंच कापायचे आणि नाळही त्याच्यानंच. वर शेणाची राख. मी तो विळा घेऊन आले, तेव्हा डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, हरवलेली वस्तू सापडावी तसा. सुइणीला त्यांनी दटावलं नाही. पाणी उकळून पातं कसं शिजवायचं ते चुलीपाशी उकिडवं बसून दाखवलं आणि दर महिन्याला येऊन पाहीन म्हणाले. आणि गेलेही.

आता तो प्रश्न. सीरम जास्त टोचलं तर माणूस जास्त वाचतो का? मोठमोठ्या दवाखान्यांत भरपूर टोचत, म्हणून सगळे म्हणत की भरपूरच टोचावं. पण सीरम कायम अपुरं. एकाला भरपूर दिलं की मागून येणाऱ्या दोघा-तिघांना उरायचं नाही. "भरपूर हवं, हे कोण म्हणतं?" डॉक्टरांनी नागपूरला लिहून परवानगी आणली आणि वॉर्डात नियम केला. रजिस्टरात विषम आकडा आला तर मोठा डोस, सम आला तर लहान. निवड कुणीच करायची नाही. बाकी सेवा दोघांना सारखी. ती सेवा कसली होती ते मी केली आहे, म्हणून सांगते. घसा आवळला की डॉक्टर गळ्याला छेद देऊन नळी बसवत. ती तुंबू नये म्हणून आम्ही रोग्यापाशी पाळीनं बसून रबराच्या नळीनं कफ ओढत असू. थेंब थेंब पातळ पेज पोटात. आठ-आठ, दहा-दहा दिवस. डॉक्टर तिथेच स्टुलावर बसून श्वास मोजत.

एका सकाळी मी नावं लिहायला बसले होते. जसोंडीचा भिका नावाचा तरणाबांड गडी बैलगाडीतून आला. टाचेत खुंट घुसला होता. बायको सुभद्रा बरोबर. पुढचा आकडा विषम होता. मी लेखणी उचलली तेवढ्यात फाटकातून टांगा आला. त्यात माझ्या नणंदेचे यजमान, गोपाळराव. कापडाचं दुकान, तीन मुली. जबडा मिटलेला. नणंद माझ्या हाताला धरून एवढंच म्हणाली, "वहिनी, तुम्ही इथं आहात म्हणून आणलं हो."

मी गोपाळरावांचं नाव आधी लिहिलं. भिकाचं त्याखाली.

गोपाळराव वाचले. भिका चौथ्या दिवशी दुपारी गेला. सुभद्रानं हंबरडा फोडू नये म्हणून मी तिला तोंड दाबून बाहेर आणलं, कारण आत इतर रोगी होते. ते दाबलेलं तोंड माझ्या तळहाताला अजून जाणवतं.

प्रयोगाला दीड वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टरांनी हिशोब मांडला. मोठ्या डोसवाले स्पष्टपणे जास्त वाचले होते. लेख लिहून झाला, टंकलेखकाकडून टाइप होऊन आला. आम्ही सगळे खूश, डॉक्टर मात्र तो घेऊन चार दिवस येरझारा घालत होते.

"पाठवत का नाही?" मी विचारलं.

"मला जे हवं होतं तेच आलंय," ते म्हणाले. "म्हणून संशय येतो."

पाचव्या दिवशी त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही मागवली. तो आत येणाऱ्या प्रत्येकाची वेळ लिहायचा. ती वही आणि आमचं रजिस्टर शेजारी ठेवून ते सकाळपासून दुपारपर्यंत बसले. मग एकेकाला आत बोलावलं. आधी कंपाउंडर, मग दुसरी सिस्टर, मग मी.

"भिका सव्वानऊला फाटकातून आला. गोपाळराव साडेनऊला. रजिस्टरात उलटं का?"

मी सांगितलं. नणंदेचं, तीन मुलींचं, सगळं. ते माझ्याकडे न बघता ऐकत होते.

"असं किती वेळा केलंत?"

"एकदाच."

"कोण म्हणतं?"

मी रडू लागले. ते हळू म्हणाले, "तुम्ही एकट्या नाही. सगळ्यांनीच थोडं थोडं केलंय. ज्याच्यात धुगधुगी दिसली, ओळख निघाली, त्याला मोठा डोस. ज्याच्यात राम उरला नव्हता, त्याला लहान. मग मोठा डोस जिंकणारच." त्यांनी टाइप केलेला लेख उचलला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला आणि टोपलीत टाकला. दीड वर्षाचं काम होतं ते.

मी राजीनामा लिहून नेला. तो त्यांनी वाचून परत दिला. "नवी माणसं काय करतील ते मला ठाऊक नाही. तुम्ही काय करता ते आता कळलंय. तुमच्यावर लक्ष ठेवणं सोपं आहे."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी हायस्कूलच्या गणिताच्या मास्तरांना गाठलं. मास्तरांनी घरी नाणं उडवून चिठ्ठ्या लिहायच्या, लिफाफ्यात घालून लाखेनं बंद करायच्या आणि वर आकडे टाकायचे. रोगी आला, नाव लिहिलं, की त्याच्यासमोरच लिफाफा फोडायचा. आत काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसे. सीरम भरायचं काम एकाच कंपाउंडरकडे. डॉक्टर नंतर तपासायला येत, तेव्हा कुणाला किती दिलं हे त्यांना सांगायचं नाही, अशी ताकीद.

लिफाफ्यांची बातमी फुटली. दवाखान्यात लॉटरी काढून औषध देतात! एके दुपारी जमाव वॉर्डापाशी आला. पुढे चौकातले एक वकीलसाहेब.

"डॉक्टरसाब, आमच्या लोकांवर तजुर्बा, प्रयोग करू राहिले तुम्ही? निम्म्या लोकांना कम दवा देता, ये सच है?"

मला वाटलं डॉक्टर काहीतरी समजावतील. ते पायरीवर आले आणि म्हणाले, "खरं आहे. आत झटके येतात, हळू बोला. निम्म्यांना कमी देतो. कारण जास्त दिल्यानं फायदा होतो की नाही, ते मला माहीत नाही."

"माहीत नाही तर डॉक्टर कशाला झालात?" मागून कुणीतरी ओरडलं. आतून एका रोग्याचा झटक्याचा आवाज आला. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं, पण पायरी सोडली नाही.

गर्दीतून सुभद्रा पुढे आली. कपाळ मोकळं. "माह्या माणसाले कोनती दिली होती?"

मी दारात डॉक्टरांच्या मागे उभी होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. एका बोटानं त्यांनी मला दाखवलं असतं तर जमाव माझ्याकडे वळला असता.

"कमी," ते म्हणाले.

"काहून?"

"त्याच्या आकड्याला ती आली."

सुभद्रा थुंकली आणि निघून गेली. जमावही बडबडत पांगला. वकीलसाहेबांनी अर्ज केला, चौकशी लागली. डॉक्टरांनी माझं नाव का घेतलं नाही, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. दया म्हणून, की विचारलं तेवढंच सांगायचं या सवयीनं, की वॉर्ड बंद पडेल म्हणून? मी त्यांच्याकडे कित्येक महिने संशयानं बघत होते. आपल्याला एखाद दिवशी धरतील, त्या दिवसासाठी राखून ठेवलंय, असंही वाटायचं.

चौकशीचं काही झालं नाही, कारण मधेच राज्यच बदललं. दवाखान्याची पाटी उतरली, नवी चढली. नागपूर मुंबईच्या राज्यात, आम्ही भोपाळच्या. चौकशीचा कागद नागपूरला गेला, तिथून भोपाळला विचारा म्हणून परत आला, भोपाळहून नागपूरला विचारा म्हणून आला. पण नागपूरचं सीरमही थांबलं. भोपाळकडून कधी येईल ते कुणालाच सांगता येईना. पेटीत मोजक्या बाटल्या उरल्या.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी मास्तरांना वॉर्डात बोलावलं आणि चिठ्ठ्यांच्या नोंदी उघडल्या. मास्तर आकडे वाचत होते, मी लिहीत होते, डॉक्टर खिडकीपाशी पाठमोरे. बेरीज झाली. त्यांनी पुन्हा करायला लावली. मग स्वतः केली. मोठा डोस आणि लहान डोस, फरक नव्हता. लहान डोस तेवढंच काम करत होता. माणूस वाचत होता तो अंधारानं, शांततेनं, गळ्याची नळी मोकळी ठेवल्यानं.

मास्तर म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं करून काहीच निघालं नाही."

"पेटीत बाटल्या किती आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे आता त्या तिप्पट माणसांना पुरतील," ते म्हणाले आणि कोटाच्या बाहीनं चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसत होते.

मी मात्र त्या बेरजेकडे बघत वेगळाच विचार करत होते. माझ्या मनात भिका होता. ते त्यांना कळलं असावं.

लेख कलकत्त्याच्या एका मासिकाला गेला. तिकडून शंकांची भलीमोठी यादी आली. कंपाउंडर हिरमुसला, पण डॉक्टरांचा चेहरा मी इतका फुललेला कधी पाहिला नव्हता. "बघा, नीट वाचलंय यांनी!" प्रत्येक शंकेला त्यांनी उत्तर लिहिलं आणि दोन शंका स्वतःच्या पदरच्या घातल्या. पुढे तो छापून आला. गावात कुणाला कळलंही नाही.

जुन्या प्रांतातल्या सरकारी नोकरांची वाटणी झाली, त्यात डॉक्टर नागपूरकडे गेले. निघायच्या दिवशी सकाळी सामान आवरून झालं, तेव्हा मला म्हणाले, "सिस्टर, जसोंडीला जायचंय. मोटार दहाची आहे."

सुभद्रा अंगणात कापूस निवडत होती. आम्हाला पाहून उठली नाही. डॉक्टर उभ्या उभ्याच बोलले. "बाई, तुमच्या माणसाला कमी डोस दिला म्हणून तो गेला नाही. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता तपासलं. जास्त दिला असता तरी तेवढाच उपयोग झाला असता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "जाऊ राहिले म्हनून मन राखू राहिले का?"

"नाही."

ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी सांगा. हा खरं बोलू राहिला का?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते कुंपणाबाहेर गेले आणि रस्त्याच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी सुभद्राजवळ मातीत बसले आणि ते दोन नावांचं सांगितलं. कुणाचं आधी यायला हवं होतं आणि मी कुणाचं लिहिलं. ती ऐकत होती. हातातली सरकी एकेक खाली पडत होती.

"डाक्टरले म्हाईत होतं?"

"हो."

"तवा का नाही बोलले?"

"मला माहीत नाही."

ती म्हणाली, "तुमी सोताचं सांगितलं, म्हनून तो खरं बोलला, ते आता पटलं. तुमचं तुमी पाहा." पाणी विचारलं नाही. पुन्हा कापूस निवडायला लागली. मी उठून आले.

आम्ही मोटारीनं परत निघालो. लालबागला ते उतरले. सामान कंपाउंडरनं आधीच स्टेशनवर आणून ठेवलं होतं. एक वळकटी आणि एक मोठी पत्र्याची ट्रंक, वॉर्डाच्या नोंदींच्या नकलांनी भरलेली. मला खालूनच नमस्कार केला. मोटार सुटेपर्यंत मी खिडकीतून बघत होते. ट्रंक एका म्हाताऱ्या हमालाच्या डोक्यावर होती आणि डॉक्टर त्याच्या मागोमाग, हात उंच करून ट्रंकेच्या तळाला लावून चालले होते. हमालावर भरवसा नव्हता म्हणून, की ओझं त्याला जड होत होतं म्हणून, ते मला लांबून कळलं नाही.